‘वुर्स्ट’ म्हणजे ‘चालेल’ नव्हे

पत्र: मी मूळची चिंचवडची. आठ महिन्यांपासून स्टुटगार्टमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनचं काम करते. जर्मन बी-1 पर्यंत शिकले आहे. मी पूर्ण शाकाहारी आहे, पण ‘वुर्स्ट’ म्हणजे सॉसेज हा शब्द इथे माझी पाठ सोडत नाही. बैठक मंगळवारी ठेवू की गुरुवारी, असं साहेबांनी विचारलं. सहकाऱ्यांच्या तोंडी ऐकलेलं वाक्य मी वापरलं, ‘दास इस्ट मिर वुर्स्ट’. मला ‘काहीही चालेल’ म्हणायचं होतं, पण सगळे एकदम गप्प झाले. नंतर विभागाच्या सहलीत मी शाकाहारी जेवण मागितलं, तर एक जण म्हणाला, ‘पुन्हा एक्स्ट्रावुर्स्ट!’ मला ते फार लागलं. मांस न खाणाऱ्या माणसाला सॉसेजवरून बोलायचं? त्यावर मी गप्प बसले, तर तोच मला ‘लेबरवुर्स्ट’ म्हणाला. या शब्दांचे खरे अर्थ काय, ते आले कुठून आणि मी काय उत्तर द्यायला हवं होतं? पुढच्या महिन्यात कामासाठी व्हिएन्नालाही जायचं आहे. – एक वाचक, स्टुटगार्ट

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला सलत असलेली गोष्ट आधी घेऊ. ‘एक्स्ट्रावुर्स्ट’ हा शब्द तुमच्या शाकाहारावर नव्हता. पुरवणी सुट्टी मागणाऱ्याला, खिडकीजवळचंच टेबल हवं म्हणणाऱ्याला, सगळ्यांनी एक फॉर्म भरलेला असताना ‘माझं ईमेलवर घ्या’ म्हणणाऱ्याला जर्मन माणूस हाच शब्द वापरतो. सगळ्यांची एक पंगत बसलेली असताना एकाचं ताट वेगळं मांडायचं, असा त्याचा भाव. पूर्ण वाक्प्रचार ‘एखाद्यासाठी वेगळं सॉसेज भाजणं’ असा आहे. मांस त्यात नावापुरतंही उरलेलं नाही, जसं आपण ‘कानाला खडा लावला’ म्हणतो तेव्हा कुणी खडा शोधायला जात नाही. टोमणा मात्र त्यात नक्की आहे. ‘तू स्वतःला वेगळी समजतेस’ असं त्यातून सुचवलं जातं, त्यामुळे तुम्हाला लागलं यात तुमचं काहीच चुकलेलं नाही.

यावर त्याच क्षणी देता येईल असं उत्तर आहे, आणि ते तुमच्याच तोंडी सर्वात शोभेल: ‘इष विल काइने एक्स्ट्रावुर्स्ट. इष विल गार काइने.’ म्हणजे ‘मला वेगळं सॉसेज नकोय, मला सॉसेजच नकोय.’ दुसऱ्या वाक्यात ‘गार’वर जोर द्या आणि हसून म्हणा. शब्द तोच, पण नेम उलटा बसतो, आणि स्वाभाविक जर्मन असल्यामुळे समोरचाही हसतो. तोच माणूस पुन्हा तेच बोलला, तर चारचौघांत नको, बाजूला घेऊन सांगा: ‘दास वोर्ट हात मिष गेश्टर्ट’, म्हणजे तो शब्द मला खटकला. नाराजी अशी सरळ सांगितलेली तिथे सहसा वाईट मानत नाहीत. मनात ठेवली, तर ती त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. पुढच्या सहलीच्या वेळी नाव नोंदवतानाच ‘इष एसे वेगेटारिश’ असं लिहून टाका. जेवण आधी सांगितलेलं असलं की ती नोंद होते. ऐन वेळी सांगितलं की तिलाच एक्स्ट्रावुर्स्ट म्हणतात.

आता बैठकीतला प्रसंग. चूक शब्दाची नव्हती, जागेची होती. ‘दास इस्ट मिर वुर्स्ट’ हे आपल्या ‘मला चालेल’च्या जागी बसत नाही. ते ‘मला त्याचं काही सोयरसुतक नाही’च्या जवळचं आहे. मित्राने ‘पिझ्झा की पास्ता’ विचारलं तर हे उत्तर सहज खपतं, कारण तिथे पणाला काही लागलेलं नसतं. साहेबांनी बैठकीचा दिवस विचारला, तेव्हा त्यांना तुमची सोय विचारायची होती. ‘तुमची बैठक कधीही होवो, माझं काय जातं’ असं त्यांच्या कानावर पडलं. तिथे म्हणायचं ते ‘मिर पास्ट बाइडेस’, म्हणजे मला दोन्ही जमतं, किंवा ‘मिर इस्ट बाइडेस रेष्ट’. ‘दास इस्ट मिर एगाल’ हेही तुम्ही ऐकलं असेल. ते वुर्स्टइतकं रांगडं नाही, पण कोरडं आहे. साहेबांसमोर तेही टाळा. झालेली गोष्ट सावरायला एक वाक्य पुरे: ‘इष माइन्टे, मिर पास्ट बाइडेस’, म्हणजे ‘मला दोन्ही जमतं असं म्हणायचं होतं’. लांबलचक माफी मागू नका, त्याने छोटी गोष्ट मोठी होते.

व्याकरणही इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे, आणि मराठी माणसाला ते सोपं जातं. ‘मिर’ म्हणजे ‘मला’. ‘मला ते वुर्स्ट आहे’ अशी ही रचना, आपल्या ‘मला त्याचं काही नाही’सारखीच. ‘मिर’ विसरून ‘इष बिन वुर्स्ट’ म्हणालात, तर ‘मी सॉसेज आहे’ असा अर्थ होतो आणि लोक फार तर हसतील. पण ‘दास’च्या जागी ‘दू’ घालू नका. ‘दू बिस्ट मिर वुर्स्ट’ म्हणजे ‘तू माझ्या लेखी कोणीच नाहीस’. वस्तूबद्दल, दिवसाबद्दल, निर्णयाबद्दल बोला. माणसाबद्दल हे वाक्य कधीच नको.

स्टुटगार्टमध्ये तुमच्या कानावर बहुधा ‘वुर्श्ट’ असा उच्चार पडत असेल. तिथल्या श्वाबिश बोलीत ‘स्ट’चा ‘श्ट’ होतो, म्हणून पूर्ण वाक्य ‘देस इश मिर वुर्श्ट’ असं ऐकू येतं. खाण्याच्या पदार्थाला ‘वुर्स्ट’ म्हणणारे उत्तरेकडचे लोकही बेफिकिरीच्या या वाक्यात मुद्दाम ‘वुर्श्ट’ म्हणताना आढळतात, कारण ‘श’ने बेफिकिरी अधिक खुलते. सुरुवातीचा ‘व’ आपल्या ‘वही’तलाच म्हणा, इंग्रजी सवयीने ओठांचा चंबू करू नका. ‘व्युर्स्टे’ या अनेकवचनात मात्र ओठांचं काम आहे: ओठ ‘ऊ’साठी गोल करायचे आणि आतून ‘ई’ म्हणायचं.

मूळ शब्दाकडे वळू. इंग्रजीतलं ‘सॉसेज’ मिठावरून आलं आहे. लॅटिनमध्ये ‘साल्सुस’ म्हणजे खारवलेलं, आणि सॉस, साल्सा, सलामी ही सगळी त्याच मिठाची भावंडं. जर्मन शब्दात मिठाचा मागमूस नाही. ‘वुर्स्ट’ हा शब्द जुन्या जर्मनमध्ये, हजारेक वर्षांपूर्वीही, याच रूपात होता. कोशकार त्याच्या दोन व्युत्पत्ती देतात: एक ‘मिसळलेलं, कालवलेलं’ या अर्थाच्या मुळावरून, दुसरी ‘वळलेलं, पिळलेलं’ या अर्थाच्या मुळावरून. दुसरी धरली तर हे मूळ संस्कृत ‘वृत्’चं नात्यातलं ठरतं, ज्यावरून आपले वर्तुळ आणि आवर्तन हे शब्द आले. सॉसेजची पिळलेली माळ खाटिकाच्या दुकानात टांगलेली पाहिली की ही व्युत्पत्ती मनाला पटते. पण पहिलीलाही कारागिरीचा आधार आहे, कारण वुर्स्टचं सगळं मर्म मिश्रणात असतं. खाटीक त्या बारीक वाटलेल्या मांसाच्या मिश्रणाला ‘ब्रेट’ म्हणतात. ‘ब्राटवुर्स्ट’मधला ‘ब्राट’ही तिथलाच. तो ‘ब्राटेन’ म्हणजे भाजणे या क्रियापदावरून आला असं जवळजवळ सगळे समजतात, अगदी जर्मनही. प्रत्यक्षात जुन्या जर्मनमध्ये ‘ब्राट’ म्हणजे चरबी-हाडं काढलेलं नुसतं मांस. भाजण्याचा अर्थ लोकांनी मागाहून चिकटवला.

बेफिकिरीचा अर्थ 19व्या शतकात विद्यार्थ्यांच्या बोलीतून पसरला. त्याची दोन स्पष्टीकरणं सांगतात. एक, सॉसेज हे उरल्यासुरल्या मांसाचं, कमी मोलाचं. त्याची काय मातब्बरी! दुसरं, सॉसेजची दोन्ही टोकं सारखीच, कुठूनही खायला सुरुवात करा. ‘प्रत्येक गोष्टीला एक शेवट असतो, सॉसेजला तेवढे दोन’ अशी म्हणही आहे. आम्हाला पहिलं अधिक भक्कम वाटतं, कारण सॉसेजला क्षुल्लक मानणारे प्रयोग भाषेत इतरही आहेत. दयनीय माणसाला ‘आर्मेस व्युर्स्टशेन’ म्हणतात, म्हणजे बिचारं छोटंसं सॉसेज. तुमच्याकडे त्याचं ‘आर्म्स व्युर्श्टले’ होतं. त्यात कीव असते, तुच्छताही असू शकते. आजीने नातवाला म्हटलं तर माया, सहकाऱ्याने सहकाऱ्याला म्हटलं तर अपमान.

गंमत अशी की हेच क्षुल्लक सॉसेज एका वाक्यात सर्वस्व होतं. ‘येत्स्त गेट्स उम दी वुर्स्ट’ म्हणजे ‘आता प्रश्न सॉसेजचा आहे’, आपल्या भाषेत ‘आता खरी कसोटी’. जत्रेतल्या स्पर्धांमध्ये बक्षीस म्हणून सॉसेज ठेवत. गुळगुळीत खांबाच्या टोकाला ती टांगायची आणि वर चढेल त्याने काढून घ्यायची. गरिबाच्या घरी ती चैनीची वस्तू होती. दहीहंडीच्या शेवटच्या थरावर खालच्या लोकांचा श्वास जसा अडकतो, तो क्षण या वाक्यात आहे. प्रकल्पाची तारीख जवळ आली की तुम्हाला हे ऐकू येईलच, आणि हे मात्र साहेबांसमोर बेलाशक वापरा.

आता तुम्हाला म्हटलेली ‘लेबरवुर्स्ट’. पूर्ण रूप ‘बेलाइडिग्टे लेबरवुर्स्ट’, म्हणजे अपमान वाटून फुगून बसलेलं लिव्हर सॉसेज. तोंड फुगवून बसलेल्या माणसाला हे म्हणतात. जुन्या वैद्यकात यकृत हे राग-रुसव्याचं घर मानत, त्यामुळे ‘लेबर’ म्हणजे यकृत आणि रुसवा यांची सांगड मुळातच होती. त्यावर लोकांनी एक गोष्ट रचली, आणि ती समजायला कढईत डोकवावं लागतं.

जर्मन खाटीक वुर्स्टचे तीन वर्ग करतात. कच्च्या मांसाचं मुरवून-सुकवून केलेलं ते रोवुर्स्ट, सलामी त्यातलीच. कच्चं ब्रेट आतड्यात भरून गरम पाण्यात शिजवलेलं ते ब्र्यूवुर्स्ट. तुमच्या कॅन्टीनमध्ये दिसणारं लांबट, बारीक झाइटनव्युर्श्टले या वर्गातलं. आणि मांस आधी उकडून, मग भरून, पुन्हा शिजवलेलं ते कोखवुर्स्ट. लेबरवुर्स्ट आणि रक्ताचं ब्लूटवुर्स्ट दोन्ही कोखवुर्स्ट, आणि डुक्कर कापण्याच्या दिवशी दोन्ही एकाच कढईत पडत. पाणी उकळू द्यायचं नसतं, साधारण 75 ते 80 अंशांवर नुसतं थरथरत ठेवायचं. उकळी फुटली की आतलं मिश्रण फुगतं, चरबी वितळते, वरचं आतडं आकसतं आणि सॉसेज फुटतं. ठासून भरलं असेल तर आणखी लवकर फुटतं. गोष्ट अशी की ब्लूटवुर्स्ट आधी तयार झालं म्हणून त्याला कढईतून आधी काढलं, लेबरवुर्स्टला मागे ठेवलं, आणि ते अपमानाने फुगून फुटलं. फुटलेल्या सॉसेजमुळे पाण्याला चव येते. त्या पाण्याचं सूप करून शेजारीपाजारी वाटतात. तुमच्या भागात त्याला मेत्सेलझुप्पे म्हणतात.

हा शब्द किती जिव्हारी लागू शकतो, याचं अलीकडचं उदाहरण आहे. मे 2022 मध्ये युक्रेनचे जर्मनीतले राजदूत आंद्री मेल्निक यांनी चॅन्सेलर ओलाफ शोल्झ यांच्या वागण्याला हाच शब्द लावला, आणि मोठा गदारोळ झाला. राजनयात तो चालत नाही. कार्यालयात बरोबरीच्या लोकांत तो चेष्टा म्हणून चालतो, पण आधी टोमणा मारून, समोरचा दुखावल्यावर वर हेही म्हणायचं, ही चेष्टा नव्हे. तुमचा तो सहकारी इथे चुकला. उत्तर साधं ठेवा: ‘निष्ट बेलाइडिग्ट. नूर हुंग्रिष.’ म्हणजे ‘रुसलेली नाही, नुसती भुकेली आहे.’

‘हान्सवुर्स्ट’ही कधीतरी कानावर पडेल. हा विदूषक, आणि शिवी म्हणून मूर्ख पुढेपुढे करणारा. 1541 मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने ब्राउनश्वाइगच्या ड्यूक हाइनरिषविरुद्ध लिहिलेल्या पत्रकाच्या नावातच हा शब्द घातला होता, आणि तो आपण शोधलेला नाही, लोकांच्या तोंडचाच आहे असंही त्याने सांगितलं. पुढे 18व्या शतकाच्या सुरुवातीला श्ट्रानित्स्की या नटाने व्हिएन्नाच्या रंगभूमीवर खादाड, उर्मट खेडूत हान्सवुर्स्ट लोकप्रिय केला, आणि 1737 मध्ये लाइप्झिशमध्ये नॉयबर बाईंच्या नाटक मंडळीने त्याला रंगमंचावरून समारंभपूर्वक हद्दपार केलं. भाषेतून तो गेला नाही. तुम्ही स्वतः मात्र तो कुणाला वापरू नका. परक्या माणसाच्या तोंडून शिवी दुप्पट लागते.

कार्यालयात सगळ्यात उपयोगी पडेल ते क्रियापद वेगळंच आहे: ‘दुर्षवुर्स्टेल्न’. योजना नाही, साधनं अपुरी, तरी कसंबसं काम तडीला नेणं. ‘आम्ही कसंबसं निभावलं’ असं स्वतःच्या गटाबद्दल म्हणालात तर त्यात नम्रता दिसते. दुसऱ्या गटाबद्दल म्हणालात तर ‘तुमच्याकडे नियोजन नाही’ असा थेट आरोप होतो. कर्ता बदलला की अर्थ बदलतो, हे लक्षात असू द्या.

मराठी कानाला ओळखीचे वाटतील असे दोन जुने प्रयोगही आहेत. ‘सॉसेज फेकून डुकराच्या मांसाचा अख्खा तुकडा पाडणं’ म्हणजे नेमका आपला ‘आवळा देऊन कोहळा काढणं’. आणि ‘वुर्स्ट विडर वुर्स्ट’, सॉसेजला सॉसेज. आज त्याचा अर्थ जशास तसं असा होतो, पण मुळात डुक्कर कापलं की शेजाऱ्याला सॉसेज पाठवायचं आणि त्याच्याकडे कापलं की त्याने परत पाठवायचं, हा रिवाज होता. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, तसाच.

एक सावधगिरीची सूचना. ‘वुर्स्ट’ आणि विशेषतः ‘व्युर्स्टशेन’ या शब्दांना लहान मुलांच्या बोलीत शी-शूचा आणि वात्रट बोलीत पुरुषाच्या अवयवाचा अर्थ आहे. जेवणाच्या टेबलावर तुम्ही सॉसेजबद्दल बोलताना कुणी उगीच हसलं, तर कारण हे असू शकतं. दुर्लक्ष करा.

सॉसेजवरून बोलण्याची सवय फक्त जर्मनांची नाही. गोव्यातलं चोरीस आणि लिंगीस हे पोर्तुगीज ‘शोरीसु’ आणि ‘लिंग्वीसा’वरून आलेले शब्द. पोर्तुगालमध्ये ‘चोरीस भरणं’ आणि ब्राझीलमध्ये ‘लिंगीस भरणं’ म्हणजे भाषणात किंवा लेखात पाल्हाळ लावणं. अमेरिकेत भंपक बोलण्याला ‘बलोनी’ म्हणतात, ते इटलीच्या बोलोन्या शहराच्या नावाचं सॉसेज. आतड्यात काय भरलंय ते बाहेरून दिसत नाही, त्यामुळे असे अर्थ सुचणं स्वाभाविक आहे.

शेवटी जेवणाचं, कारण तुम्हाला रोज लागेल ते हेच. स्टुटगार्टच्या कॅन्टीनमध्ये मसूर आणि श्पेत्सले (जाडसर शेवया) हा पदार्थ असतो, वर झाइटनव्युर्श्टलेची जोडी. ‘ओने झाइटन, बिटे’ म्हणून सॉसेज वगळता येतं, पण तेवढ्याने तो शाकाहारी होत नाही. मसूर शिजवताना बऱ्याचदा ‘श्पेक’, म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे, घालतात. म्हणून ‘इस्ट दा श्पेक द्रिन?’ हे आधी विचारा. ‘लेबरकेझे’ या नावात ‘केझे’ म्हणजे चीज आहे, पदार्थात ते अजिबात नाही. ती भाजलेल्या मांसाची वडी असते.

व्हिएन्नात तर शब्दच जागा बदलतात. जर्मनीत ज्या सॉसेजला ‘वीनर’, म्हणजे व्हिएन्नाचं, म्हणतात, त्याला व्हिएन्नात ‘फ्रांकफुर्टर’ म्हणतात. आणि तिथे ‘एक्स्ट्रावुर्स्ट’ हा टोमणा असतो तसाच दुकानात कापून मिळणारा खराखुरा मांसाचा प्रकारही आहे. काउंटरवर कुणी ‘एक्स्ट्रावुर्स्टझेमेल?’ विचारलं, तर तो तुम्हाला बोल लावत नाहीये, पावात घालून देऊ का असं विचारतोय. तुम्ही ‘केझेझेमेल’ मागा, तो चीजचा पाव. रस्त्यावरच्या गाड्यांवर ‘केझेक्राइनर’ लिहिलेलं दिसेल, ते मात्र घेऊ नका: त्यात चीज असतं खरं, पण डुकराच्या मांसाच्या सॉसेजमध्ये भरलेलं.